पाण्याखालचा दस्तऐवज

अहमदनगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एक जन्मपत्रिका आहे. लांबी सुमारे दोनशे फूट. पाहायला येणारा माणूस आधी तिच्या लांबीने थक्क होतो आणि मग विचारतो, "हे वाचतं कोण?" प्रश्न साधा आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. कागद टिकला म्हणजे इतिहास टिकला असे होत नाही. तो वाचणारा माणूसही टिकावा लागतो.

हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला तो एका वेगळ्याच गुंडाळीमुळे. माझे आजोळ रत्नागिरीचे, मिरकरवाडा बंदराजवळचे. धाकट्या मामूंचा इंतकाल झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा कपड्यांच्या तळाशी करड्या कागदाच्या पाच गुंडाळ्या निघाल्या. रुंदी वीतभर. कागदावर काळ्या रेघांचे डोंगर, दऱ्या, मध्येच धुरासारखे डाग. कडेला पेन्सिलीने काही अक्षरे, थोडी उर्दू, थोडी मराठी, आणि आकडे. घरातल्या मुलांना वाटले, हा कुणाच्या तरी हृदयाचा आलेख असावा. तो समुद्राचा आलेख होता. मामूंच्या ट्रॉलरवर १९८०च्या दशकात जे कागदी फिश फाइंडर यंत्र होते, त्याने काढलेला. मामू त्या यंत्राचे चालकही होते आणि दुरुस्ती करणारेही.

प्रस्तुत लेख त्या गुंडाळ्यांविषयी आहे. नगरसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाने तो का लिहावा, असे कुणी विचारील. त्याचेही उत्तर ओघाने येईल.

शिशाचा गोळा आणि वाव

नगरचा समुद्राशी संबंध नाही, हा समज आजचा नकाशा पाहून झालेला आहे. निजामशाहीचा नकाशा वेगळा होता. चौल हे निजामशाहीचे बंदर होते. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. या लढाईतला एक तपशील सहसा पुढे येत नाही. लोरेन्सोचे जहाज पाणी भरत असताना वाहत गेले आणि मच्छीमारांनी खाडीत रोवलेल्या खुंटांमध्ये अडकले. खाडीचा तळ कुठे उथळ, ओहोटीचा ओढ कुठे, मासा कुठून जातो, हे ओळखून ते खुंट रोवणारे हात कोणाचे होते, ते कोणत्याही तवारिखेत नाही. फरिश्ता काही काळ अहमदनगरच्या दरबारात होता, सय्यद अली तबातबाने बुऱ्हाण निजामशाहाच्या आश्रयाने 'बुर्हान-ए-मआसिर' लिहिली. दोघांनीही सुलतान, अमीर आणि लढाया नोंदवल्या. पाण्याची खोली मोजणारा खलाशी त्यांच्या पानांवर नाही.

तो दुसरीकडे सापडतो. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला, त्याच सुमारास, हिजरी ८९५ मध्ये, अरब मुअल्लिम अहमद इब्न माजिद याने नौकानयनावरचा आपला मोठा ग्रंथ 'किताब अल-फवाइद' पूर्ण केला. त्या परंपरेतले दर्यावर्दी तारे पाहत, वारा ओळखत, पाण्याचा रंग पाहत. पाण्यात साप दिसू लागले की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला असे समजत. आणि किनारा जवळ आला की दोरीला शिशाचा गोळा बांधून तळ चाचपत. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला वाळू चिकटली, चिखल चिकटला की काहीच चिकटले नाही, यावरून खाली काय आहे ते कळे. काही न चिकटणे म्हणजे खडक.

आपल्या किनाऱ्यावर हे मोजमाप 'वाव' या मापात चाले. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. दोरी ओढून घेताना खलाशी हात पसरत जाई आणि मोजत जाई. माप माणसाच्या अंगातच होते. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी यांच्याबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर दालदी मुसलमानही पिढ्यान्पिढ्या हेच करीत आले. १८८०च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये मासेमारी करणारा समाज म्हणून दालदींची नोंद आहे. त्यांची बोली कोकणी-मराठी. जाळ्याची, वाऱ्याची, माशाची बहुतेक नावे शेजारच्या कोळ्याची आणि त्यांची एकच.

आवाज परत येतो

शिशाच्या गोळ्याची मर्यादा दोन प्रकारची. चालत्या बोटीतून तो नीट टाकता येत नाही, आणि तो फक्त एका बिंदूची खोली सांगतो. या दोन्ही अडचणी आवाजाने सोडवल्या.

पाण्यात आवाज किती वेगाने जातो, हे १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों आणि स्टुर्म यांनी मोजले. एका नावेतून पाण्याखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा उजेड करायचा. दूरच्या दुसऱ्या नावेतल्या माणसाने उजेड आणि आवाज यांच्यामधला वेळ मोजायचा. उत्तर आले सेकंदाला १,४३५ मीटर. हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून जास्त. आपल्या उबदार खाऱ्या समुद्रात हा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर भरतो. म्हणजे वीस वाव पाण्यात बोटीतून सोडलेला आवाज तळाला आपटून परत यायला सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागत नाही. हा एवढासा काळ मोजणे हाच खरा प्रश्न होता.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. त्यानंतर बर्फाचे डोंगर आवाजाने ओळखता येतील का, याचे प्रयोग सुरू झाले. जर्मनीच्या अलेक्झांडर बेमने १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये लांजव्हँने क्वार्ट्झच्या स्फटिकापासून पाण्याखाली आवाज काढण्याची युक्ती साधली. पुढे खोली मोजणारी यंत्रे जहाजांवर बसू लागली आणि त्यांनी मोजलेली खोली कागदावर आपोआप उमटू लागली.

मासा मात्र कुणी शोधायला निघाले नव्हते. तळाच्या रेषेच्या वर अधूनमधून डाग दिसत. इंजिनीअर त्यांना यंत्राचा दोष समजत. ते डाग म्हणजे मासे आहेत, हे ओळखण्यात मासेमारांचा वाटा मोठा होता. इंग्लंडमधला रोनाल्ड बॉल्स हा हेरिंग पकडणाऱ्या बोटीचा कप्तान १९३३ पासून आपल्या यंत्रावरच्या खुणा आणि जाळ्यात आलेला मासा यांचा मेळ घालत होता. नॉर्वेत राइनर्ट बोकन या कप्तानाने १९३४ मध्ये माशांच्या थव्याचा आलेख मिळवला. १९३५ मध्ये ऑस्कर सुंड या शास्त्रज्ञाने कॉड माशांच्या थराचा आलेख 'नेचर' या नियतकालिकात छापला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नागासाकी प्रांतातल्या कुचिनोत्सु गावी बोटींवर विजेची कामे करणाऱ्या फुरुनो बंधूंनी, युद्धातून उरलेली यंत्रे घेऊन खटपट केली आणि १९४८ मध्ये खास माशांसाठी यंत्र बाजारात आणले. म्हणजे जगाच्या दोन टोकांना या विद्येच्या उगमाशी बोटीवर काम करणारी माणसे होती. आपल्याकडच्या इतिहासात ती शोधावी लागतात.

भारतात या यंत्राची वाट सरकारी बोटींवरून आली. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. १९५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. १९५७ मध्ये कोचीला मात्स्यिकी तंत्रज्ञानाची मध्यवर्ती संस्था निघाली, १९६३ मध्ये तिथेच बोटचालकांना शिकवणारी संस्था सुरू झाली. १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झालेल्या प्रकल्पात तारली आणि बांगड्याच्या थव्यांचा अंदाज याच आवाजाच्या पद्धतीने घेतला गेला. आमचे मामू यांपैकी कोणत्याही संस्थेत शिकले नव्हते. ते शिकले एका मोठ्या ट्रॉलरवर खलाशी असताना, यंत्राची झाकणे उघडी धरून उभे राहण्याच्या कामातून.

यंत्र आणि हात

कागदी फिश फाइंडर ही लहानशा रेडिओएवढी लोखंडी पेटी. पुढे काच. काचेआड कागद एका रुळावरून सुटतो आणि दुसऱ्यावर गुंडाळला जातो. कागदावरून एक बारीक सुई पट्ट्यावर बसून वरून खाली धावते. सुई शून्याच्या खुणेवर आली की बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतो. तो माणसाला ऐकू येत नाही. प्रतिध्वनी परत आला की त्याची वीज वाढवून सुईत सोडतात. त्या क्षणी सुई जिथे असेल तिथे कागद जळून काळा ठिपका उमटतो. आवाज जितका उशिरा येईल तितका ठिपका खाली. दर फेरीला एक रेघ, आणि कागद हळूहळू सरकत असल्याने रेघांशेजारी रेघा बसून तळाचे चित्र तयार होते.

आधीच्या यंत्रांत ओला कागद असे. तो पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चच्या द्रावणात भिजवलेला. वीज गेली की तिथे रंग चढे. हा कागद वाळला की निकामी. शिवाय उमटलेली खूण काळाबरोबर फिकट होई. नंतर कोरडा कागद आला. त्याच्यावरचा पातळ थर ठिणगीने जळे आणि खालचा काळा भाग उघडा पडे. खूण टिकाऊ, पण केबिनमध्ये जळल्याचा वास आणि काचेच्या आत काजळीची बारीक भुकटी. मामूंच्या अंगाला डिझेल आणि माशाबरोबर हा तिसरा वास असे, असे मामी सांगते.

यंत्र विकत घेतले की मासा सापडला असे कुणाला वाटत असेल तर ते खरे नव्हे. ते रोज सांभाळावे लागे. सुई झिजते. तिचे टोक कागदावर कितपत टेकवायचे याला प्रमाण आहे. जास्त टेकली तर कागद फाटतो, कमी टेकली तर खूणच उमटत नाही. काजळी साचली की वीज भलत्याच ठिकाणी जाते, म्हणून रोज कोरड्या ब्रशने झाडावी लागते. कागदाची नवी गुंडाळी दमट हवेत उघडी राहिली तर तिचा थर मऊ पडतो. मामू ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. कागद बाहेरून येई, महाग पडे. म्हणून यंत्र सतत चालू ठेवायचे नाही. अपेक्षित ठिकाण जवळ आले की चालू करायचे, हाही हिशेब होता.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बॅटरीची. सुई ज्या मोटरवर धावते तिचा वेग आवाजाच्या वेगाशी जुळवलेला असतो. बॅटरी उतरली आणि मोटर मंदावली, की प्रतिध्वनी येईपर्यंत सुई पुरेशी खाली पोचत नाही. पाणी आहे त्यापेक्षा उथळ दिसते. वीस वाव पाणी एकोणीस दिसेल. मोटर जास्त धावली तर उलटे. पाणी खोल दिसते आणि बोट खडकावर जाऊ शकते. "बॅटरी बघितल्याशिवाय कागदावर भरवसा ठेवू नको," हे मामूंचे वाक्य मी लहानपणी ऐकले होते. त्याचा अर्थ फार उशिरा कळला.

खात्री करण्याची रीतही जुनीच होती. बंदरात शांत पाण्यात उभे राहायचे. लोखंडी पत्रा मोजलेल्या दोरीने ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सोडायचा आणि कागदावर त्याची रेघ किती खोलीवर उमटते ते पाहायचे. फरक असेल तर यंत्र जुळवायचे. पाच वाव, दहा वाव. दोरी मोजताना मामू हात पसरत. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या खलाशाचे माप जपानी यंत्राची परीक्षा घेत होते. शिवाय ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर असतो, ते अंतर वाचलेल्या खोलीत मिळवावे लागते. यंत्र सेकंदाला १,५०० मीटर वेग धरून बनवलेले असेल, तर आपल्या समुद्रात चाळीस वावांमागे वावभर पाणी कमी दिसते. हेही लक्षात ठेवायचे.

पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की ट्रान्सड्यूसरची पाळी. त्याच्यावर शेवाळ आणि शिंपल्यासारखे कवचाचे जीव बसतात आणि आवाज अडतो. ते लाकडी पट्टीने खरवडायचे, लोखंडाने नाही. त्यावर बोटीच्या तळाचा जाड रंग फासू द्यायचा नाही. रंगारी पोरे नेमके तेच करीत. पंख्याजवळ किंवा जिथे पाण्याचे बुडबुडे वाहतात तिथे तो बसवला तर कागद नुसता काळा होतो, कारण हवेच्या बुडबुड्यांपलीकडे आवाज जात नाही. त्याची केबल कापून जोडायची नाही, कारण जोडात ओल शिरते. या सगळ्या गोष्टींचे इंग्रजी पुस्तक पेटीबरोबर आले होते. ते घरात कुणालाच वाचता येत नव्हते. एका दूरच्या नात्यातल्या भाच्याने काही पाने उर्दूत उतरवून दिली. तीही ट्रंकेत निघाली.

कागद कसा वाचावा

इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवतात की दस्तऐवज कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला ते आधी पाहावे. या गुंडाळ्यांना हेच नियम लागू पडतात.

कागदावरची जाड काळी पट्टी म्हणजे तळ. खडकाचा तळ ठसठशीत उमटतो आणि पुष्कळदा दुप्पट खोलीवर त्याची दुसरी फिकी रेघ येते, कारण आवाज तळ आणि बोट यांच्यामध्ये दोनदा फेरी मारतो. मऊ चिखल आवाज गिळतो. त्याची दुसरी रेघ सहसा येत नाही. तळाला धरून असलेला मासा आणि तळ एकमेकांत मिसळून जातात. ते वेगळे दिसावेत म्हणून पुढच्या यंत्रांत तळाच्या कडेखाली पांढरी पट्टी सोडण्याची सोय आली.

थवा असेल तर डाग. एकटा मोठा मासा असेल तर चंद्रकोर, टोके खाली असलेली. त्याचे कारण भूमितीचे आहे. बोट माशाकडे येत असते तेव्हा अंतर जास्त, डोक्यावर आली की सर्वांत कमी, पुढे गेली की पुन्हा जास्त. म्हणून वरखाली कमान उमटते. मासा वाकडा नसतो, आपले त्याच्यापासूनचे अंतर बदललेले असते. ही गोष्ट इतिहासकारानेही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यंत्राला सगळे दिसतेच असेही नाही. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज सर्वांत जोरात परततो. मुशीला ही पिशवी नसते, म्हणून एवढा मोठा मासा असूनही त्याची खूण फिकट येते. उलट संध्याकाळी पाण्यातले बारीक जीव वर सरकू लागतात आणि त्यांचा धुरकट थर माशांचा थवा भासतो. आवाज वाढवण्याची कळ फार फिरवली तर सगळा कागद काळा, कमी ठेवली तर मासा हातचा जातो. म्हणजे एकाच पाण्याचे दोन माणसे दोन वेगळे कागद काढतील. दस्तऐवज यंत्राने लिहिला म्हणून तो निःपक्षपाती ठरत नाही. कळीवरचा हात त्यात उतरतो.

आणि मुख्य उणीव अशी की कागदावर तारीख नाही, ठिकाण नाही, माशाचे नाव नाही. ते पेन्सिलीने लिहावे लागते. इथेच मामूंच्या गुंडाळ्यांचे मोल आहे. कळ दाबून त्यांनी उभ्या रेघा मारल्या आहेत आणि शेजारी खुणा लिहिल्या आहेत. रत्नदुर्गावरचे दीपगृह आणि किनाऱ्यावरची दुसरी एखादी ठळक वस्तू एका रेषेत, पाणी अठरा वाव. कुठे 'तारली', कुठे 'बांगडा', कुठे नुसतेच 'खाली' म्हणजे जाळे रिकामे आले. काही ठिकाणी खडकापाशी फुली आहे, तिथे जाळे फाटले होते. ही मराठी-उर्दू सरमिसळ भाषेच्या अभ्यासकाला आवडेल अशी आहे. माशाचे नाव मराठीत, वेळ नमाजेची, 'मगरिबनंतर', आणि आकडे देवनागरी.

मला जमेल तेवढे हे मी उतरवून घेतले आहे. दोन गुंडाळ्या ओल लागून चिकटल्या आहेत. उलगडायला गेलो तर थर सुटतो. एका संग्रहालयात विचारणा केली. कागद कोणत्या राजवटीतला आणि कोणत्या लिपीतला, असे तिथे मला विचारण्यात आले. उत्तर देता आले नाही. राग नव्हता, पण एक गोष्ट जाणवली. मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे सुलतान, सूफी, किल्ले आणि दंगली एवढेच कप्पे तयार असतात. मुसलमान लेखकही त्याच कप्प्यांत लिहितात. आपल्या बापजाद्यांनी कोणते काम केले, ते काम कसे होत असे, त्यात काय कौशल्य होते, हे आपण लिहीत नाही. आधी आपल्यालाच ते इतिहास वाटत नाही.

नगरच्या पाण्यात

आता नगरकडे वळतो. कागदावर रेघ काढणारे हेच यंत्र समुद्रापासून दूर, आमच्या पाण्यातही फिरले, पण माशासाठी नव्हे.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) पाण्याच्या टंचाईसाठी ओळखला जातो. तोच धरणांचाही जिल्हा आहे. अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे. आणि पैठणला १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचे पाणी आमच्या शेवगाव, नेवासे तालुक्यांत पसरले आहे. शंभराहून अधिक गावे त्या पाण्याखाली वा पाण्यामुळे उठली. जायकवाडीची एकूण साठवण सुमारे १०२ अब्ज घनफूट धरली गेली, त्यातला सुमारे २६ अब्ज घनफूट मृतसाठा.

धरणात पाण्याबरोबर गाळ येतो. गाळ किती साचला हे कळले नाही तर पाणी किती आहे हेही कळत नाही. गाळ मोजण्याची रीत अशी. तलावाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठरलेल्या रेषांवरून नाव न्यायची, काठावरून दुर्बिणीच्या यंत्राने नावेची जागा टिपत राहायची आणि नावेतल्या इको साउंडरने तळाची रेघ कागदावर काढायची. धरण बांधण्यापूर्वीच्या नकाशाशी ती ताडली की मधला फरक म्हणजे गाळ. उपग्रहावरून जागा कळू लागण्यापूर्वी हे काम असेच होई. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याची मध्यवर्ती जल संशोधन संस्था ही नावे या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. नावेतली कामगिरी तीच होती. बॅटरी तपासणे, पत्रा सोडून यंत्र जुळवणे, सुईची काजळी झाडणे, आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने खूण लिहिणे.

गोदावरीच्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात किती कडवट वाद झाले, हे वाचकांना सांगायला नको. समन्यायी वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी आहे की नाही, या आकड्यावर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही ते ठरू लागले. उसाचे एक आवर्तन आणि एका गावाचे पिण्याचे पाणी अशा आकड्यांवर अवलंबून असते. त्या आकड्याच्या मुळाशी पाणी धरण्याची क्षमता, म्हणजेच तळाची मोजणी असते. सुई नीट टेकवणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याही अहवालात छापले जात नाही. पण त्याने बॅटरी पाहिली नसेल तर पुढची सगळी भांडणे चुकीच्या आकड्यावर होतील.

प्रवरासंगमला पाण्याच्या काठावर उभा राहिलो की मला मामूंचा कागद आठवतो. पाण्यावरून काही दिसत नाही. पण तिथून एखादी नाव आडवी नेली तर कागदावर आधी काठाचा उतार उतरेल, मग गाळाने सपाट झालेली शेते, मग एकदम खोल घळ, म्हणजे जुनी गोदावरी. ती अजून पाण्याखाली आपल्या जागी असेल. ज्यांची गावे गेली त्या लोकांना तो कागद दाखवला तर ते कदाचित बोटाने सांगतील, आमचा मळा इथे होता.

मासा कुठे गेला

या यंत्राने मासेमारांचे भले केले की वाईट, असाही प्रश्न आहे. त्याला एकपदरी उत्तर नाही. खडक आधी कळू लागले, जाळी वाचली, अंधारात आणि धुक्यात माणसे सुखरूप परतली. पण थवा कुठे आहे हे एकाला कळले की सगळ्यांना कळू लागले. १९८०च्या दशकानंतर कागदाच्या जागी काचेवरचे रंगीत पडदे आले, मोठ्या बोटी आणि मोठी पर्ससीन जाळी आली. तांडेलाच्या अंदाजाला जेवढा मासा चुकवून जाई, तेवढाही आता चुकेना. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. रत्नागिरीत त्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले समोरासमोर आले. दोन्ही बाजूंना कोळी, खारवी होते, दोन्ही बाजूंना दालदीही होते. हा वाद धर्माचा नव्हता, पोटाचा होता. किनाऱ्यावरच्या बहुतेक वादांचे खरे स्वरूप असेच असते.

मामूंच्या पाच गुंडाळ्यांत 'खाली' हा शब्द पहिल्या गुंडाळीत दोनदा आहे, शेवटच्या गुंडाळीत अकरा वेळा. तेवढ्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येणार नाही. एका माणसाची, एका बोटीची ती नोंद आहे, आणि मधल्या कितीतरी गुंडाळ्या हरवल्या आहेत. पण कोकणच्या प्रत्येक बंदरात अशा दहा ट्रंका उघडल्या आणि पेन्सिलीच्या खुणा एकत्र आल्या, तर एका पिढीच्या समुद्राचा इतिहास हाती लागू शकतो. तो सरकारी आकडेवारीच्या शेजारी ठेवून पाहता येईल.

त्यासाठी एवढेच करायला हवे. घरात असा कागद असेल तर तो रद्दीत देऊ नये. गुंडाळी उलगडण्याआधी तिचा फोटो काढावा. ज्यांनी ही यंत्रे चालवली अशी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्याजवळ बसून कुठल्या खुणेचा काय अर्थ ते लिहून घ्यावे. माझ्या मामूंजवळ मी बसलो नाही. सुट्टीत आजोळी गेलो की किल्ला पाहायला जायचो आणि परत आल्यावर निजामशाहीवर टिपणे काढायचो. केबिनमधल्या पेटीकडे बोट दाखवून "हे काय?" असे एकदाही सविस्तर विचारले नाही.

सध्या त्या गुंडाळ्या माझ्याकडे नगरला आहेत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. तिसरी गुंडाळी उलगडून झाली आहे. तिच्या शेवटी कागद संपायच्या आधी मामूंनी एक ओळ लिहिली आहे, बहुधा दुसऱ्या दिवशीच्या स्वतःसाठीच: 'सुई बदल. कागद आण.'